नंबर ठोकणारा

“बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बघायला मला डोळे लागत नाहीत.”

ठोकेमामा हे वाक्य प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी ऐकवत. साहेब बदलत, वाक्य बदलत नसे. म्हणताना ते उजवा तळहात पुढे धरत. तो हात खरोखरच बघण्यासारखा होता: रुंद, काळपट, अंगठ्याचं नख कायमचं जांभळं. शस्त्रनोंदणीच्या कचेरीत परवान्याची बंदूक आली की ती आधी या तळहातावर पडे. मामा ती दोनदा वरखाली तोलत, डोळे किलकिले करत आणि म्हणत, “रिकामी.” समोरच्या टेबलावरचा कारकून वहीत लिही, ‘तपासली, रिकामी.’ मग मामा ती ऐरणीवर आडवी घालून पोलादी ठसे एकेक करून नळीवर ठेवत आणि हातोडीने नंबर ठोकत. एका आकड्याला एकच घाव. दुसरा घालावा लागला तर तो दिवस त्यांचा वाईट जाई, आणि त्या दिवशी त्यांच्या वाटेला कुणी जात नसे.

नियम असा होता की बंदूक उघडून आत बघायचं आणि मगच तोंडातून शब्द काढायचा. नियम भिंतीवर चौकटीत लावलेला होता. पण सव्वीस वर्षांत मामांनी नऊ वेळा नुसत्या वजनावरून आतलं काडतूस ओळखलं होतं, आणि नऊही वेळा मालकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हापासून त्या चौकटीवरची धूळ पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

हा हात मार खाऊन घडला होता. मामांच्या आधी त्याच खुर्चीवर त्यांचे वडील बसत. शिकवताना आकडा जरा तिरका बसला तर ते हातोडीचा दांडा पेरांवर मारत. एकदा सात वाकडा बसला, तेव्हा त्यांनी सातचा ठसा पोराच्याच डाव्या दंडावर ठेवला आणि घाव घातला. “माणूस वाकडा चालतो, आकडा चालत नाही,” एवढंच बोलले आणि जेवायला गेले. तो सात मामांच्या दंडावर अजून होता. सरळ होता.

कचेरीत येणाऱ्या बंदुकांना इतिहास असे. एखादी घेऊन भावाने भावाला जिन्यात गाठलेलं असे, दुसरी घेऊन नवऱ्याने बायकोला न्हाणीघरात. मालक बदलला की बंदूक नव्या नंबरासाठी मामांकडे येई, आणि कधीकधी चापाच्या खाचेत काहीतरी तपकिरी वाळलेलं सापडे. मामा ते तारेच्या ब्रशने खरवडून काढत, फुंकर मारत आणि ठसा ठेवत. हिने कुणाला मारलं, हे विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

“ठोक्या, अरे ते रक्त आहे,” कारकून म्हणे.

“मग तू काय पूजा घालणार आहेस का पंडित? नंबर लिही.”

सगळी कचेरी त्यांना मामा म्हणे. ठोक्या म्हणायचा हक्क एकट्या कारकुनाचा होता, आणि कारकुनाला पंडित म्हणायचा एकट्या मामांचा. बावीस वर्षं दोघं समोरासमोर बसले. डबे एकत्र उघडले, आजारपणं एकमेकांची काढली. पंडितची बायको दवाखान्यात जखमा बांधायची, मामांचा अंगठा ठेचला की तीच बांधून देई आणि वर सुनावे, “भावजी, हातोडी लोखंडावर मारायची असते.”

मग छापलेल्या बंदुका आल्या.

ज्या थ्री-डी प्रिंटरवर लोक घरी बसून फुलदाण्या आणि मुलांची खेळणी काढत, त्यावरच कुणीतरी पहिली बंदूक काढली, आणि बघता बघता त्या गल्लोगल्ली झाल्या. केस कापायच्या दुकानात नंबर कुणाचा यावरून एकाने दुसऱ्याच्या पोटात गोळी घातली. तो आरशांसमोर अर्धा तास मरत होता. एका शिक्षकाच्या हातात बंदूक फुटली आणि त्याचा पंजा जेवणाच्या टेबलावर पडला. पोलिसांच्या हाती लागे ते एक वितळलेलं प्लास्टिक: ना नंबर, ना कारखाना, ना विकणारा. मारणारा हात कुठला, ते शोधायचं कसं?

म्हणून कायदा आला. ज्याने घरी बंदूक बनवली असेल त्याने नव्वद दिवसांत कचेरीत आणावी. तिच्यावर धातूची पट्टी बसवून नंबर ठोकला जाईल, आणि बनवल्याचा गुन्हा माफ. मात्र आणायची ती रिकामी. भरलेली आणली आणि कुणाला इजा झाली तर माफी रद्द, सगळी जबाबदारी मालकाची. यातही एक दार उघडं ठेवलं होतं: ‘भरलेली आहे’ असं मालकाने टेबलापाशी सांगितलं की त्या क्षणापासून ती बंदूक कचेरीची, आणि पुढे जे होईल तेही कचेरीचंच.

मामांना त्या बंदुका बघून किळस आली. “हिला बंदूक म्हणायचं तर माझ्या चपलेला तोफ म्हणा,” ते म्हणाले. पण तोलायचं सोडलं नाही. तोलत आणि म्हणत, “रिकामी.”

नव्वदाव्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली होती. एकेकालाच आत घेत होते. दार लागलं की आत तिघंच: मामा, पंडित आणि मालक. चारच्या सुमाराला एकशे बारावी बंदूक घेऊन एक बाई आली. दातांचे साचे बनवायचा तिचा धंदा होता, आणि प्रिंटर त्यासाठीच होता. उजव्या मनगटाला प्लास्टर, डाव्या हातात पिशवी.

“एक काडतूस आत आहे,” ती म्हणाली. “एका हाताने मला काढता आलं नाही. तेवढं आधी काढा.”

“भरलेली घेऊन रस्त्याने आलात?”

“तो मागे होता.”

“कोण?”

“नवरा. हे मनगट त्याने दाराच्या फटीत घालून मोडलंय. अजून फाटकाशी उभा आहे, बघा हवं तर.”

मामांनी खिडकीतून बघितलं. एक धडधाकट माणूस फाटकाला टेकून सफरचंद खात होता. मामांनी बंदूक तळहातावर घेतली. दोनदा तोलली. हाताला काहीच जाणवलं नाही.

“बाई, हिच्यात काही नाही.”

“अहो, मी स्वतः घातलंय!”

“घाबरलेल्या माणसाला सगळंच भरलेलं वाटतं.”

पंडित लिहायचा थांबला. “ठोक्या, उघडून बघ की. बाई एवढं सांगतेय.”

मामांनी झाकणाला नख लावलं. ते घट्ट बसलं होतं. पेचकस आणावा लागला असता, पाच मिनिटं गेली असती. बाहेरून कुणीतरी दारावर थापा मारत होतं. “तू लिही रे,” ते हसून म्हणाले. “सव्वीस वर्षं इथे काय गोट्या खेळलो?”

पंडितही हसला. लिहिलं, ‘तपासली, रिकामी.’

मामांनी बंदूक ऐरणीवर घातली, पट्टी बसवली, डाव्या हाताने नळी दाबून धरली. पहिला आकडा बसला. दुसरा बसला. तिसऱ्या घावाला खोली फुटली.

आवाज मामांनी ऐकलाच नाही. एक पांढरी शांतता तेवढी कानांत भरली. बंदूक मधोमध चिरली होती आणि तिच्याबरोबर त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. समोर पंडितने डास मारावा तसा गळ्यावर हात मारला. हाताखालून रक्त उडालं, वहीवर, भिंतीवरच्या चौकटीवर, दिव्यावर. तो उठायला गेला आणि खुर्चीसकट आडवा झाला. त्याचे पाय टेबलाच्या पायांना लाथा मारत राहिले. मग एकच पाय हलत होता. मग तोही थांबला. बाई भिंतीला चिकटून किंचाळत होती, “सांगितलं होतं! सांगितलं होतं मी!”

दार मोडून लोक आत आले. कचेरीतले शिपाई, कारकून, वीस वर्षं कुणावर आवाज न चढवलेली नाकासमोर चालणारी माणसं. त्यांनी बाईला केस धरून खाली ओढलं. कागद दाबायच्या लोखंडी ठोकळ्याने मारलं, बुटांनी मारलं, प्लास्टरचा हात पिरगाळून पुन्हा मोडला. फाटकाशी उभा असलेला नवरा आत येऊन दारातून बघून गेला. त्याचं काम दुसऱ्यांनीच केलं होतं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी साहेब आले. कागद लिहूनच आणला होता. ‘मालकिणीने बंदूक भरलेली असल्याचं सांगितलं नाही. मी नियमाप्रमाणे उघडून तपासली. काडतूस लपवलेलं असावं.’

“मामा, सही करा. तुमचं भलं, कचेरीचंही भलं.”

उजवा हात शाबूत होता. मामांनी सही केली. शुद्धीत केली की गुंगीत, हे त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. पण अक्षर सरळ होतं.

घरी आल्यावर रोज दुपारी पंडितची बायको येऊ लागली. तिच्या कपाळावर, गळ्यात काही नव्हतं. हातात मात्र नेहमीची पेटी होती. डाव्या हाताचा बोळा सोडायची, जखम धुवायची, नवी पट्टी बांधायची. हात एवढे हळुवार की मामांना त्यापेक्षा आग परवडली असती.

“वहिनी, तुम्ही नका येत जाऊ. मी दवाखान्यात जाईन.”

“तुमच्या हातात त्यांची शेवटची आठवण आहे, भावजी. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही.” मग पट्टीची गाठ मारत, त्याच सुरात, “त्या बाईला जन्मठेप नको. ती तशीच मरावी, गळ्यातून. मला बघायचंय.”

मामा छताकडे बघत. डोक्यात एकच हिशोब फिरे. लोखंडाच्या बंदुका या हाताने ओळखल्या, ठीक. पण प्लास्टिकच्या? एकशे अकरा रिकाम्या आल्या आणि एकशे अकरा वेळा आपण म्हणालो, रिकामी. न तोलता म्हणालो असतो तरी बरोबरच आलो असतो. त्यात हाताचं काय कर्तृत्व? एकशे बारावी भरलेली आली आणि हात आंधळा निघाला. तो पहिल्यापासूनच आंधळा होता; विचारलं नव्हतं कुणी.

एक दिवस फिरून येतो म्हणून ते बाहेर पडले आणि पाय त्या बाईच्या गल्लीत गेले. साच्यांच्या खोलीची काच फोडलेली होती. जमिनीवर, पायरीवर, गटारीपर्यंत प्लास्टरचे जबडे पडले होते. वरचे, खालचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, बुटांखाली चिरडलेले. शेकडो माणसांनी एकदम तोंडं उघडली असावीत आणि कुणाचाच आवाज येत नसावा, तसं ते दृश्य. शेजारचा चांभार टाच ठोकत बसला होता.

“कुणी केलं हे?” मामांनी विचारलं.

“कचेरीतली माणसं होती. मेलेल्याचे दोस्त म्हणे.” चांभाराने तोंडातला खिळा काढला. “बाई वाईट नव्हती हो. माझा खालचा दात तिनेच केलाय. डोळा गेला तिचा, डावा. आता जन्मभर आत कुजणार. आणि नवरा दोनदा येऊन प्रिंटर मागून गेला, विकायचाय त्याला. तुम्ही कोण?”

“कुणी नाही,” मामा म्हणाले.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी तशीच राहिली.

“सांगितलं होतं तिने?”

“दोनदा.”

तिने चिरलेल्या फोडी एका बाजूला सारल्या. मग म्हणाली, “तोंडाला कुलूप घाला. पंडितभाऊजी परत येणार आहेत का? तुम्ही तुरुंगात गेलात तर माझं काय? पोरीच्या सासरचे काय म्हणतील? आणि वहिनींना काय तोंड दाखवणार आहात?”

“तेच तर.”

“काय तेच तर? ती बाई आपली कोण लागते?”

“कोणीच नाही लागत,” मामा म्हणाले. “म्हणून तर मारलं तिला सगळ्यांनी.”

बायकोने विळी पुढे ओढली आणि पुन्हा चिरायला घेतलं. बोट कापलं, तिने ते तोंडात धरलं आणि रडली नाही.

चौकशी कचेरीच्याच वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे चौकशी अधिकारी, एक चष्मेवाल्या बाई, बाजूला साहेब. पहिल्या रांगेत पंडितची बायको. कोपऱ्यात दोन महिला पोलिसांमध्ये ती साचेवाली बसली होती, डोळ्यावर पट्टी, दोन्ही हात मांडीवर. ती मामांकडे बघतही नव्हती. आशा संपलेलं माणूस जसं भिंतीकडे बघतं, तसं बघत होती.

“हा जबाब तुमचाच ना?” अधिकारी बाईंनी कागद पुढे केला.

“सही माझी आहे. जबाब साहेबांचा आहे.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “मॅडम, औषधं चालू आहेत यांची, डोकं ठिकाणावर…”

“डोकं आजच ठिकाणावर आहे,” मामा म्हणाले. “तिने सांगितलं होतं. आल्या आल्या सांगितलं, एक काडतूस आत आहे, काढा. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मी स्वतः घातलंय. मी हाताने तोलली आणि म्हटलं, रिकामी. उघडली नाही. त्या क्षणी बंदूक कचेरीची झाली. माझी झाली.”

कोपऱ्यात साचेवालीने मान वळवली. तिचा उरलेला डोळा मामांवर येऊन थांबला. त्या डोळ्यात आभार नव्हते.

अधिकारी बाई लिहीत होत्या. साहेबांनी मात्र वारा ओळखला होता. त्यांनी लगेच शीड फिरवलं. “मॅडम, एक मुद्दा नोंदवून घ्या. वहीत ‘तपासली’ लिहिणारा मयत कारकून आहे. बाईचं बोलणं त्याच्याही कानावर पडलं. स्वतः खात्री न करता त्याने लिहिलं कसं? दोष मुख्यतः त्याचा ठरतो. मयताच्या घरच्यांना जे काही द्यायचं, त्याचा फेरविचार करावा लागेल.”

पंडितच्या बायकोच्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

मामांना कळलं की इथे थांबता येईल. साचेवाली सुटली होती. जे सांगायला आले होते ते सांगून झालं होतं. आता गप्प राहिलं तर वहिनींच्या डोळ्यांत एका चुकलेल्या हाताचा माणूस, एवढंच उरेल. तोंड उघडलं तर तेही उरणार नाही. पण मेलेल्याच्या अंगावर हा माणूस चिखल टाकत होता, आणि तो पुसायला जगात एकच साक्षीदार होता.

“त्याचा दोष नाही,” ते म्हणाले. “तो मला म्हणाला होता, उघडून बघ.”



“काय म्हणाले होते ते?” पंडितची बायको उभी राहिली होती. “परत सांगा, भावजी.”

“म्हणाला, ठोक्या, उघडून बघ की, बाई एवढं सांगतेय.”

“मग?”

“मी हसलो. म्हटलं, तू लिही.”

“आणि ते?”

“तोही हसला, वहिनी.”

साहेब काहीतरी म्हणाले. अधिकारी बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. नवा जबाब मामांपुढे सरकवला. मामांनी तो वाचला नाही. खाली सही केली, पेन टेबलावर आडवं ठेवलं.

पंडितची बायको जवळ आली होती. मामांचा पट्टी बांधलेला डावा हात टेबलावर होता. तिने तो उचलला, आज दुपारीच मारलेली गाठ बघितली, आणि दोन्ही मुठींनी दाबला. पूर्ण ताकदीने. पट्टीखाली काहीतरी फाटलं आणि लाल डाग पसरत गेला, तिच्या बोटांमधून टेबलावर ठिबकला. मामांनी हात ओढून घेतला नाही.

“दोन महिने,” ती म्हणाली. “दोन महिने मी हा हात धुतला. माझ्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवला, म्हणून तो मेला. आणि तुम्ही मला रोज वर छताकडे बघत हात देत होतात. बोला ना. तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं? बोला, भावजी!”

तिने हात सोडला. मामांना धरायचं का, अशा नजरेने दारातल्या शिपायाने अधिकारी बाईंकडे बघितलं. त्यांनी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. मामा उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि दाराबाहेर निघून गेले.